एका बादलीतले दोघे

सविताला भेकाची, त्या खडबडीत कातडीच्या बेडकाची, मनापासून किळस. अंगभर फोड, आणि हात लावला की बोटांना लागणारा पांढरा चीक. धुळ्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना नेमका तोच तिच्या वाट्याला आला. पिंपळनेरच्या वरच्या एकाच ओढ्यापुरता उरलेला भेक आणि त्याच काठावरचा साधा उंदीर, दोघांच्या संख्येची तुलना. काठापर्यंत जमिनीत पुरलेल्या बारा बादल्या रोज सकाळी बघायच्या, आत पडलेलं मोजायचं आणि सोडून द्यायचं. महिनाभरात उंदीर झाले एकशे चाळीस, भेक सहा.

त्या रविवारी ती गेलीच नाही. शनिवारचा चीक तीनदा साबण लावूनही नखांत वास मारत होता.

सोमवारी चौथ्या बादलीत ती वाकली आणि तिने तोंडावर हात दाबला. सातवा भेक उताणा पडला होता. उंदराने पोट फाडून आतलं मऊ तेवढं खाल्लं होतं, विषारी पाठीला मात्र दात लावला नव्हता. आता तो कडेला बसून मिशा पुसत होता. भेकाचा एक पाय अजून हलत होता. सविता बाजूला जाऊन भडाभडा ओकली.

शेजारच्या वावरात तण निंदणाऱ्या तानुबाई धावत आल्या.

"काय व्हयनं व पोरी?" त्यांनी आत डोकावलं. "मारू का उंदीरले?"

"नको अक्का." सविताने डोळे पुसले. "मीच दोघांना एकत्र कोंडून ठेवलं. काल बघायला आले असते तर दोघंही सुटले असते."

"मंग रडस काबर? बेडूक ते ढेर शेतस, जठे तठे."

"हा नाही. हा इथून संपला की कुठेच नाही."

तिने हातमोजा न घालताच भेक उचलला. तो तिच्या तळहातावरच निपचित झाला. चिकाबरोबर रक्तही बोटांना लागलं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

फोनवर तिचे मार्गदर्शक ज्ञानेश्वर सर म्हणाले, "उंदराने मारला, असं लिही."

तिने नोंदवहीत लिहिलं: 'रविवारी बादल्या तपासल्या नाहीत. किळस आली म्हणून.'

सर खूप चिडले. बादल्या उकरून काढल्या. मोजणी ओढ्याकाठी बसून, नुसत्या डोळ्यांनी करायची ठरली. आठवड्याने तानुबाईंनीच हाक मारून दगडाखालचा भेक दाखवला. सविताने नाक मुरडलं, तोंडाला पदर धरून उभ्या तानुबाईंना हसू आलं, आणि मग तिने वही काढली.