सगळ्यात हळू तो पुढे

माझ्या मुलीला दुसरा मुलगा झाला आणि त्याचं नाव कुणी ठेवायचं यावरून दोन्ही घरांत अबोला झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. अबोला मोडला तो आम्ही दोघा आजोबांनी. मी गवंडी, माझे व्याही बसचे ड्रायव्हर, दोघेही काम सोडून घरी बसलेले. आमची मैत्री आधीची, सोयरीक नंतरची. पोरांचं लग्न होईपर्यंत एकमेकांना अरे-तुरे करायचो. मग बायकांनी बजावलं, आता व्याही झालात, अहो-जाहो करा. तेव्हापासून भांडणसुद्धा अहो-जाहोत करावं लागायचं, आणि तसल्या भांडणात काही राम नसतो.

तिसरा आमचा मास्तर. शिंपी. बोलतो कमी, ऐकतो सगळं.

डोंगरातून थेट समुद्रापर्यंत एक लांबलचक पायवाट जाते. लोक पाठीवर बॅग टाकून दिवसच्या दिवस चालतात आणि संध्याकाळी वाटेवरच्या होस्टेलात मुक्काम करतात. व्याह्यांनी नोकरीभर अशा लोकांना शेवटच्या थांब्यावर उतरवलं होतं. "लोक उतरायचे, मी गाडी वळवायचो," ते म्हणायचे. "ही वाट जाते कुठे, एकदा बघायचंय." मला तर एवढंच हवं होतं, की समुद्रापर्यंत माझ्या पायांनी जावं. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधत एकाच गावात राहिलो होतो. म्हणून आम्ही तिघे निघालो.

पण माझा उजवा गुडघा अधू. मुलीने निघताना व्याह्यांना आणि मास्तरला समोर उभं करून सांगितलं होतं, "बाबांचा गुडघा कुरकुरला, की पहिल्या बसमध्ये बसवून द्यायचं. त्यांचं काही ऐकायचं नाही." दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या. त्या माना मी विसरलो नव्हतो.

आदल्या दिवशीच्या उतारावर गुडघा सुजला. मी पँटवरून हातसुद्धा फिरवला नाही. पण सकाळी होस्टेलच्या दारात बॅग पाठीवर घेतली आणि मी जागीच थांबलो. बॅग जड होती.

मी उगाच म्हणत नाही. सिमेंटची गोणी खांद्यावर घेतली, की ती भरलेली आहे का कुणी मधेच दोन घमेली काढून घेतली, हे आमची पाठ सांगते. आणि आणखी एक. बॅगेच्या तोंडाला मी परांचीची गाठ मारतो, बांबू बांधायची. ती होती, पण उलट्या हाताने मारलेली, आणि दोरीचं टोक आत नीट खोचलेलं. टोक खोचायची सवय कुणाला असते? सुईदोऱ्याच्या माणसाला.

मी मास्तरकडे पाहिलं. मास्तर आभाळाकडे बघत होता. आभाळात काही नव्हतं.

"चला," व्याही म्हणाले. "आज मिस्त्री पुढे."

आमचा एक नियम होता, वाटेवरच्या जुन्या लोकांकडून घेतलेला. सगळ्यात हळू चालणारा पुढे चालतो, म्हणजे मागे कुणी सुटत नाही. तोपर्यंत रोज पुढे मास्तर होता, कारण त्याला वाटेतली फुलं बघायची असायची.

"मी का पुढे?" मी विचारलं.

"तुम्हाला वाट बरोबर कळते," व्याही म्हणाले.

"वाट एकच आहे. ती मेंढरालाही कळते."

"मग मेंढरासारखा चल ना," मास्तर म्हणाला आणि दोघे हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

पुढे चालणाऱ्याची अडचण अशी, की त्याला मागचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मला कुजबुज ऐकू येत होती. मी थांबलो, की कुजबुज थांबायची. वळून पाहिलं, तर व्याही खाली वाकून बुटाची नाडी बांधत असायचे. एका माणसाची नाडी किती वेळा सुटावी? एकदा मी वळलो तेव्हा त्यांनी पाठ फिरवून झटकन काहीतरी तोंडात टाकलं.

"काय खाताय?"

"पित्ताची गोळी."

"पित्ताची गोळी पाठ करून खातात का?"

"तुमच्याकडे बघून पित्त वाढतं," ते म्हणाले.

खडीसाखर असणार, मी मनात म्हटलं. एकटेच खातायत. तिन्ही वेळा एका ताटात जेवलेला माणूस, आणि खडीसाखर लपवतो!

चढ सुरू झाला. पट्टे खांद्यात रुतत होते, गुडघ्यात प्रत्येक पावलाला कळ येत होती, आणि त्या कळेबरोबर माझं डोकं भलतं तल्लख चालायला लागलं. बॅगेत वजन घालायचं, मला पुढे ठेवायचं, लंगडायला लागलो की मागून दोघांनी बघायचं. मग म्हणायचं, बघा मिस्त्री, आता तुमच्या मुलीला शब्द दिलाय, बस गाठा. म्हणजे यांच्या पायातली बेडी गेली. व्याही समुद्रावर पोचणार, आणि नातवाला सांगणार, तुझा हा आजोबा पोचला, तो आजोबा अर्ध्यातून परत गेला. नावाचं भांडण त्यांच्या मनातून गेलं नव्हतं तर! मी दात आवळून चालायला लागलो, सरळ, शाळेतल्या कवायतीसारखा. शाळेत मी गेलो नाही, पण भिंतीवरून कवायत बघितलेली आहे.

दुपारी झऱ्यापाशी थांबलो. नेहमी बॅगा एका जागी रचून एकजण राखण करायचा आणि बाकीचे पाणी आणायचे. राखणीला कायम मास्तर. आज मी म्हटलं, "मी बसतो. तुम्ही जा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण गेले.

मी बॅग उघडली. माझ्या कपड्यांच्या खाली, पंच्यात गुंडाळलेला स्टोव्ह होता. त्याच्या खाली स्वयंपाकाचं पातेलं, आणि पातेल्यात व्याह्यांचा जाड रेनकोट घडी घालून बसवलेला, शिंप्याच्या घडीसारखा. हे सगळं व्याह्यांनी वाहायचं ठरलं होतं. आता माझी खात्री पटली. तरीही मी सगळं होतं तसं ठेवलं. चोराला त्याच्याच तोंडून बोलतं करावं, त्यात खरी गंमत.

ते आले, भाकरीची फडकी सुटली. मी सहज म्हटलं, "आज माझी बॅग पिसासारखी हलकी वाटतेय हो. काही विसरलो की काय?"

मास्तरला ठसका लागला. व्याह्यांनी पुन्हा नाडीला हात घातला.

"हवा चांगली आहे," ते म्हणाले.

"हवेने बॅग हलकी होते?"

"माणूस हलका होतो," मास्तर डोळे पुसत म्हणाला. "डोक्याने."

संध्याकाळी होस्टेल आलं. दगडी जोत्याची लांब इमारत, दारात बुटांची मांडणी, आत ओल्या मोज्यांचा वास. एका खोलीत एकावर एक अशा सहा खाटा, आणि त्या दिवशी तिथे आम्ही तिघेच. रोज व्याही वरच्या खाटेसाठी भांडायचे, ड्रायव्हरची सीट उंचच हवी म्हणायचे. आज ते गुपचूप खालच्या खाटेवर बसले आणि बूटसुद्धा न काढता भिंतीला टेकले. मला वाटलं, दाराजवळची खाट धरली. पाळत ठेवायला.

मी पाणी प्यायला बाहेर आलो. अक्षरं मी उशिरा शिकलो, त्यामुळे कुठे फलक दिसला, की वाचल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फलकावर गावाकडे जाणाऱ्या बसची वेळ होती. सकाळची एकच बस. तेवढ्यात होस्टेल चालवणारी बाई माझ्या लंगडणाऱ्या पायाकडे बघत म्हणाली, "आजोबा, उद्याच्या बसमध्ये तुमची पुढची जागा सांगून ठेवलीय हं. तुमच्या माणसाने सकाळीच फोन केला होता. काळजी करू नका."

माझ्या पायांखालची जमीन गेली असं म्हणणार नाही. जमीन होती, तिच्यावर मी ताडताड चालत खोलीत गेलो आणि बॅग व्याह्यांच्या पायांपाशी आपटली. पातेलं खणखणलं.

"हे काय आहे?"

व्याह्यांनी पाय मागे ओढून घेतले.

"स्टोव्ह तुझा, पातेलं तुझं, कोट तुझा! आणि वर बसची जागा? मला गाढव समजलास? गाढवावर ओझं लादतात, पण निदान त्याच्या डोळ्यांसमोर लादतात!"

अहो-जाहो केव्हा गळून पडलं, मला कळलंही नाही.

व्याही सावकाश म्हणाले, "बसची जागा? कुणाची?"

"नाटक करू नकोस."

"आईशप्पथ, बसचं मला माहीत नाही." आणि मग आम्ही दोघांनी एकदमच मास्तरकडे पाहिलं.

मास्तर खिडकीपाशी मोजे वाळत घालत होता. त्याने हातातला मोजा पूर्ण पसरला, सुरकुती काढली, आणि मग वळला.

"जागा मी सांगितली," तो म्हणाला. "मिस्त्री, तुझ्यासाठी नाही. ह्याच्यासाठी."

"माझ्यासाठी?" व्याही उठायला गेले आणि परत बसले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. छातीवर हात होता.

"बघ," मास्तर मला म्हणाला. "हे बघ. चार दिवस झाले. दर चढाला ह्याच्या छातीत दुखतं. जिभेखाली गोळी ठेवतो. मला म्हणाला, ओझं थोडं तुझ्याकडे घे, थोडं मिस्त्रीच्या बॅगेत सरकव, पण त्याला कळू देऊ नकोस. तुला पुढे घातलं ते त्याला थांबलेला बघू नयेस म्हणून. मी इतके दिवस तोंड शिवून बसलो. आता नाही बसवत."

मी व्याह्यांकडे पाहिलं. खरं सांगायचं, तर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही. हा माणूस एकदा कामाला दांडी मारायला प्लास्टर लावून घरी बसला होता, ते प्लास्टर मीच लावलं होतं. मी हात पुढे केला. "गोळी दाखव."

त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. मी लेबल अक्षर अक्षर लावून वाचलं. खडीसाखर नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगणं म्हणजे तुझ्या मुलीला सांगणं," व्याही म्हणाले. "तिला सांगणं म्हणजे माझ्या मुलाला. मग दोघे गाडी घेऊन इथे हजर. मला औषध माहीत आहे, डॉक्टर माहीत आहे, आणि डॉक्टर काय म्हणाला तेही माहीत आहे. घरी बसलो तरी तेच आहे. ते खुर्चीत बसून झालेलं मला नको."

"आणि वाटेत झालं तर? मी काय तोंड दाखवू घरी?"

"आणि तुझा गुडघा?" ते म्हणाले. "कालपासून सुजलाय. तुला वाटतं, आम्हाला दिसत नाही? मागून तूच दिसतोस दिवसभर. मी तुझ्या मुलीला शब्द दिलाय. सकाळी बसमध्ये पहिला तू बसायला पाहिजेस."

"मग बसवलं का नाही?"

"तुलाही जायचंय म्हणून," ते चिडून म्हणाले. "एवढं कळत नाही तुला?"

मास्तर म्हणाला, "दोघेही जा बसने. मी एकटा जातो, फुलं बघत."

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. मुलीचा रोजचा फोन. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विनंती नव्हती. ते फक्त बघत होते, मी काय करतो.

"बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"आवाज असा का येतोय? गुडघा?"

"चढ होता. दम लागलाय."

"आणि माझे सासरे?"

खोलीत मोज्यांतून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, "समोर बसलेत. भूक लागली म्हणून कटकट करतायत. दे बाळाला फोन." बाळाने फोनवर हुंकार भरला. मी फोन व्याह्यांच्या कानाला लावला आणि ते बराच वेळ ऐकत राहिले.

मग मी बाईंना सांगून बसची जागा सोडली. बॅगा तिघांसमोर उघडल्या आणि सगळं सामान नव्याने वाटलं. व्याह्यांच्या बॅगेत त्यांचे कपडे आणि बाटली एवढंच. मास्तरने माझ्या गुडघ्याला पट्टी बांधली, इतकी घट्ट की मी शिवी दिली.

"उद्या पुढे तू," मी व्याह्यांना म्हटलं. "आणि थांबायचं असेल तर थांब. नाडीचं नाटक नको."

"तू मागून शिट्ट्या मारणार," ते म्हणाले.

"मारणार."

आम्ही ठरल्यापेक्षा पाच दिवस उशिरा समुद्रावर पोचलो, तिघेही. मुलीला मी सगळं सांगितलं ते घरी परतल्यावर, व्याह्यांच्या समोर. ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. व्याही त्याच वर्षी डिसेंबरात, घरी, दुपारी झोपेत वारले.