पांढरी बट

मौनीबाबा दोन तास बोलत होते. समोर गादीवर नऊ महिन्यांचं बाळ, बाहेर जिन्यापर्यंत रांग. बाळाच्या कपाळावर पांढरीशुभ्र बट, डोळे निळे. बाबांनी त्याच्या कानामागे घंटा बडवली. बाळाने पापणीही हलवली नाही.

"समाधी लागलीय. मागच्या जन्मीचा तपस्वी आहे. हाका मारून समाधी मोडू नका."

लोकांनी हात जोडले. त्या दिवसापासून आईने बाळाशी बोलणं बंद केलं.

माझं सलून त्याच इमारतीत, खाली. बाळाच्या बापाची पांढरी बट सोळा वर्षं मीच काळी करतोय, आजोबांची माझे वडील करायचे. दर तीन आठवड्यांनी, पडदा ओढून. त्याच्या बायकोलाही पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम, म्हणून मी गप्प होतो. दर्शनाच्या गर्दीमुळे बापाला सहा आठवडे खाली उतरता आलं नव्हतं, आणि तो घरातही टोपी घालून बसत होता.

मग बट उठून दिसावी म्हणून बाजूचे केस कापायला बाबांनीच बाळाला माझ्याकडे पाठवलं. आई त्याला मांडीवर घेऊन बसली. मी त्याच्या कानामागे मशीन सुरू केलं. या वयाची मुलं नुसत्या आवाजाने दुकान डोक्यावर घेतात. हा मजेत बोट चोखत होता. मशीन आरशात दिसलं मात्र, तपस्व्याने भोकाड पसरलं.

आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "दादा, याला ऐकू येत नाही ना?"

"नाही, वहिनी. आणि साहेबांची टोपी एकदा काढून बघा."

तिच्या मागोमाग मीही वर गेलो. तिने सगळ्यांसमोर नवऱ्याची टोपी काढली. मुळाशी बोटभर पांढरं. पित्याचंही तप मोठं, असं बाबा म्हणाले.

"यांना समाधी कधी लागली नाही," ती म्हणाली. "चहा झाला म्हटलं की दोन खोल्यांपलीकडून येतात."

दवाखान्यातही मी सोबत गेलो. डॉक्टरांनी बाळाचे कान तपासले आणि समजावलं, की हा एका जनुकातला दोष घराण्यातून उतरतो. कुणाला नुसती बट येते, कुणाचे डोळे निळे होतात, कुणाचे कानही जातात. वेळेवर आलात, बोलणं शिकायचं हेच वय, असंही म्हणाले. बाप खाली मान घालून ऐकत होता. मला त्याचा राग आला, आणि माझाही.

परवा बाळ कानात यंत्र घालून दुकानात आलं. मी मागून मशीन सुरू केलं. आरशात दिसायच्या आधीच त्याने भोकाड पसरलं, आणि आई हसता हसता रडायला लागली.

मूल हाकेला वळत नसेल, तर हात जोडू नका. त्याला उचला आणि कानाच्या डॉक्टरकडे न्या.