कुणाकडं आलाय वो?

मित्रांनो, मी एक जुनं बाकडं आहे आणि खांबावरच्या कॅमेऱ्याचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून म्हणाल, या बाकड्याच्या पोटात एवढं दुखतं तरी काय!

माझा जन्म सोलापुरातलाच. एक हातमाग मोडीत निघाला, तेव्हा मायाप्पा सुतारांनी त्याच्या लाकडातून मला घडवलं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली आणून ठेवलं. तिथं मी सुखाचे दिवस पाहिले. सकाळी माझ्यावर बसून मेथी निवडली जायची, दुपारी शेंगा फोडल्या जायच्या, संध्याकाळी चिंचोळीच्या कारखान्यातून आलेली माणसं टेकायची. आणि गल्लीत कुणी नवखं शिरलं, की बसलेल्यांपैकी एक जण विचारायचाच, "कुणाकडं आलाय वो?" खऱ्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवलं जाई. ज्याला उत्तर सुचत नसे, तो आल्या पावली परत फिरे. "हे बाकडं हाय तवर गल्लीला कुलूप नगं," असं निंगप्पा काका म्हणायचे. एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

मग कॅमेरा आला. कचेरीत कारकून असलेल्या देवदत्तने पुढाकार घेतला होता. नारळ फुटला, हार चढला, पेढे वाटले गेले. इतक्या वर्षांत मला कुणी फूल तरी वाहिलं होतं का? उलट, "आता राखण करायला तो आहे," असं म्हणून देवदत्तने मोटारसायकलींसाठी जागा केली आणि मला पाण्याच्या टाकीमागे ढकललं. लोक घरात बसून मोबाइलवर गल्ली बघू लागले. माझ्याकडे यायची ती गल्लीतली एकटी बसव्वा, तीही गुडघे दुखतात म्हणून. मी नुसता जळफळाट केला. मुका तर मुका, वर थाट केवढा! मीही मुकंच, पण माझ्यावर बसणाऱ्यांना तोंडं होती.

एका दुपारी टोपीवाला एक माणूस पिशवी घेऊन आला आणि थेट अक्कम्मांचं दार वाजवू लागला. अक्कम्मा म्हणजे निंगप्पा काकांच्या पत्नी. वय झालेलं, नजर अधू, घरात एकट्या. लेक सिद्धेश्वरी वळसंगला दिलेली. कॅमेऱ्याने त्या माणसाला पाहिलं, टिपून घेतलं आणि तो गप्प बसला. आतून कडी वाजली.

तेवढ्यात माझ्या पाठीला धरून बसव्वा उठली.

"कुणाकडं आलाय वो?"

"निंगप्पा काकांकडे. गॅसची नळी तपासायची आहे. सकाळी त्यांनीच फोन करून बोलावलं."

दारावरच्या पाटीवर निंगप्पांचंच नाव होतं. पण काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. अक्कम्मांनी पाटी काढू दिली नव्हती, एवढंच.

"त्यांनी फोन केला? मग त्यो नंबर आमाला बी द्या की!" बसव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दोन वर्सं झाली त्यास्नी जाऊन, लई बोलायचं राहिलंय!" आणि ती ओरडली, "अक्कम्मा, दार उगडू नगं!"

दारं धडाधड उघडली. माणूस पिशवी टाकून पळाला. पिशवीत गॅसचं एकही अवजार नव्हतं. दोरी होती आणि चिकटपट्टी.

संध्याकाळी देवदत्तने सगळ्यांना मोबाइलवर चित्रफीत दाखवली. "बघा, कॅमेऱ्याने कसा टिपलाय!" सगळे वाहवा करू लागले. त्या चित्रात माझा एक पाय दिसत होता, तोही अर्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अक्कम्मांनी मोबाइल कानाशी धरला. "ह्यात बसव्वाचा आवाज कुटं हाय रं?"

कॅमेऱ्याला ऐकू येतच नव्हतं. देवदत्तने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला ओढत कडुलिंबाखाली आणून ठेवलं.

मित्रांनो, कॅमेरा खुशाल लावा. पण शेजारच्या दारावरची पाटी वाचून थांबू नका. आत कोण राहतं, कोण गेलं, कोण एकटं आहे, हे माहीत करून घ्या. त्यासाठी घटकाभर बाहेर येऊन बसावं लागतं.

माझा हेवा मात्र अजून गेलेला नाही. दसऱ्याला झेंडूची माळ त्यालाच मिळाली. पण हल्ली देवदत्तही माझ्यावर येऊन बसतो. परवा गल्लीत कुणी अनोळखी शिरलं, तेव्हा एरवी शुद्ध बोलणाऱ्या देवदत्तच्या तोंडून आपसूक निघालं, "कुणाकडं आलाय वो?"

मी मान वर करून खांबाकडे पाहिलं. गडी गप्प होता.