समज उत्तम

“याला शिकवायला कुणी सांगितलं होतं तुला?” मॅडमनी फाइल तिच्यासमोर टेबलावर आपटली. ड्रायव्हरकाका समोरच्याच खुर्चीत बसले होते. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

ती वाचा-श्रवण उपचारांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. कानातला मळ, थुंकीने भिजलेले हातमोजे, पोरांचा शेंबूड, सगळं एव्हाना तिच्या अंगवळणी पडलं होतं. किळस आली ती काकांची फाइल वाचून. जन्मभर बस चालवलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, तेव्हापासून पाच वर्षं विभागाचे उंबरे झिजवत होता. या काळात त्यांची तपासणी झाली होती एकोणीस वेळा आणि उपचार एकदाही नाही. दर वर्षी नवी मुलं यायची, तीच चित्रं दाखवायची, काका गप्प राहायचे आणि मुलांचे प्रात्यक्षिकाचे तास भरायचे. परीक्षेला तर मॅडम त्यांना जावयासारख्या आग्रहाने बोलवायच्या.

एकदा काका वाट चुकले आणि घर कुठलं ते त्यांना कुणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून काकू कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागल्या. हे कळल्यावर तिने जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर ताल धरून, दोन महिने एकच शब्द घोटून घेतला. घर. गेल्या आठवड्यात तो आला. नेमका परीक्षेच्या तोंडावर.

“घराचं चित्र परीक्षेत आहे,” मॅडम म्हणाल्या. “वाचा गेलेला रुग्ण बघायला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यासमोर हा बोलला तर तुझी केसच बाद, वर्ष गेलं म्हणून समज.”

वाचा जाते पण समज शाबूत राहते, हे मॅडमच दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवत. तरी त्या हे सगळं काकांच्या तोंडावर बोलत होत्या.

परीक्षेत तिने चौथं चित्र उचललं. घर. काकांनी चित्राकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

“काहीच येत नाही?” परीक्षकांनी विचारलं.

वर्ष तिचं होतं, फी बापाने भरली होती, आणि एक शब्द बोलायला तिची जीभ रेटेना.

“बरं, समज कशी आहे?”

“समज उत्तम आहे, सर,” ती म्हणाली. “आपण बोलतो ते सगळं त्यांना कळतं.”

मॅडम कागदात काहीतरी शोधायला लागल्या. परीक्षकांनी खूश होऊन पैकीच्या पैकी गुण दिले. तिला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली.

ती काकांना बाहेर घेऊन आली. बाकावर बसवलं. त्यांनी धडधाकट हाताने लाळ पुसली, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि सावकाश, अगदी स्वच्छ म्हणाले, “घर.”

“हो काका, जाऊ या,” ती म्हणाली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात शिपायाने दारातून हाक मारली. पुढची मुलगी चित्रं मांडून बसली होती. काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली, भिंतीचा आधार घेत उठले आणि ओठ मिटून आत गेले.