माझ्यावर नसलेली अक्षरं

“मेल्याच्या तोंडावर अक्षर म्हणून उरलं नाही, आणि गिळतोय मात्र माझी वाक्यंच्या वाक्यं!”

हे माझ्याबद्दल चाललेलं असतं. बाई माझ्यापासून वीतभर अंतरावर बसून पुटपुटते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

आतल्या खोलीतून तिचा नवरा विचारतो, “काय झालं गं?”

“काही नाही. तुमच्या लाडक्याने परत एक ओळ खाल्ली.”

“अगं, म्हातारा झालाय तो. चालायचंच.”

मित्रांनो, तो म्हातारा म्हणजे मी. मी एक जुना कीबोर्ड आहे, लॅपटॉपच्या अंगाला जन्मभरासाठी खिळलेला. माझी निम्मी बटनं कोरी झाली आहेत. काही नुसती काळी, काही तुपाचं बोट फिरवल्यासारखी चकचकीत. माझ्याकडे पाहून कुणालाही वाटेल की चूक ह्याचीच असणार. खरं काय ते फक्त मला माहीत आहे, आणि मला तोंड नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली रांगेत बसून आम्हाला तपासायच्या. माझ्या बटनांवर इंग्रजी अक्षरं छापली तेव्हा ती इतकी लख्ख होती, की मला वाटलं, आता जग माझ्याकडे बघतच राहणार. गर्वाचं घर खाली असतं हे मला अजून कळायचं होतं.

ह्या घरात मी आलो तो लेकीच्या कॉलेजसाठी. लेक दोन बोटांनी टाईप करायची आणि उरलेल्या आठांनी बिस्किटं खायची. त्याचा चुरा अजून माझ्या पोटात आहे. पुढे तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली, तिथे नवं यंत्र मिळालं, आणि जाताना ती मला आईच्या टेबलावर ठेवून गेली.

आई, म्हणजे ही बाई, टायपिस्ट. एका वकीलबाईंच्या ऑफिसात तिने उमेदीची सगळी वर्षं मोठ्या, दणदणीत टाईपरायटरवर काढली होती. त्या मशीनवर आपल्या भाषेची अक्षरं होती. ती मशीनं भंगारात गेली, आणि वकीलबाई घरीच काम पाठवायला लागल्या. त्या बोलून रेकॉर्ड करायच्या आणि ही कानात ऐकून टाईप करायची.

पहिल्या दिवशी तिचा नवरा काळजीत पडला. तो पाणीखात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांच्या दारातले पाण्याचे मीटर वाचले, म्हणून सगळी इमारत त्याला रीडिंगकाका म्हणते. छापलेलं नीट वाचल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नाही. माझ्यावर चष्मा रोखून तो म्हणाला, “अगं, ही तर सगळी इंग्रजी. तुझी अक्षरं कुठायत ह्यावर?”

तिने दहाही बोटं त्याच्या नाकासमोर नाचवली. “ही काय!”

आणि सुरू झाली. मित्रांनो, मी थक्क झालो. जुन्या मशीनवरच्या जागेप्रमाणे माझ्या ‘डी’वर तिचा क होता. ‘जे’वर र. ‘के’वर काना. माझ्यावर काय छापलंय ह्याच्याशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं. कानात वकीलबाई, डोळे गॅसवरच्या दुधावर, आणि बोटं माझ्यावर. दूध कधी उतू गेलं नाही आणि ओळ कधी चुकली नाही.

आपल्या भाषेत कान्यावाचून पान हलत नाही, म्हणून माझा ‘के’ सगळ्यात आधी झिजला. मग ‘जे’. मग बाकीचे एकेक. वकीलबाई एकदा घरी आल्या, मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, “ताई, ह्याची तर तुम्ही सालटी काढलीत!” बाई लाजली. मला मात्र छाती असती तर ती फुगली असती. पहिलवानाचे कान चुरगळलेले असतात ना, तशी माझी ती कोरी बटनं होती.

एकच रुखरुख होती. इतक्या वर्षांत बाईने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. आपल्याकडे कुणी बघावं असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटायचं. ती खिडकीबाहेर बघायची, भिंतीकडे बघायची, नवऱ्याशी मानेनेच भांडायची, पण खाली नाही.

आणि एका सकाळी तिने बघितलं.

बोटं चालता चालता थांबली, हवेत तशीच राहिली. तिने मान खाली घातली आणि माझ्या एकेका बटनावरून नजर फिरवली. गर्दीत चुकलेलं माणूस ओळखीचा चेहरा शोधतं ना, तशी. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. कारण ती जे शोधत होती ते माझ्यावर कधीच नव्हतं.

“पुसलं गेलंय,” ती स्वतःशीच म्हणाली. तेव्हापासून दोष माझा झाला.

आधी ओळी गळायला लागल्या. मग एकच परिच्छेद दोनदा यायला लागला. मग एकदा दूध उतू गेलं. वकीलबाईंचा फोन यायचा, तो ती स्पीकरवर ठेवायची.

“ताई, मधला भाग दोनदा आलाय. असू दे, मी काढते.”

“अहो, कीबोर्ड गेलाय माझा.”

“हो का? माझाही असाच त्रास देतो हल्ली.”

त्यांचा कीबोर्ड नवाकोरा होता. मागल्याच महिन्यात घेतल्याचं त्यांनीच सांगितलं होतं.

रीडिंगकाकांनी दुरुस्ती मनावर घेतली. जुन्या टूथब्रशने मला घासलं, उलटं धरून झटकलं, लेकीच्या कॉलेजातली बिस्किटं बाहेर काढली. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे कापले आणि बारीक टोकाचं पेन घेऊन बायकोसमोर बसले.

“तू फक्त सांगत जा. कुठल्या बटनावर कुठलं अक्षर. मी लिहून चिकटवतो, की झगडाच मिटला.”

“उगाच कुटाणे तुमचे.”

“सांग गं. क कुठे?”

“असं कसं सांगू? थांबा, हात ठेवू द्या.” तिने डोळे मिटले, बोटं माझ्यावर ठेवली. मधलं बोट आपसूक ‘डी’वर टेकलं. “हा घ्या तुमचा क.”

काकांनी क लिहिला, चिकटवला. र सापडला. काना सापडला. स सापडला. दोघं हसायला लागले, पत्ते खेळत असल्यासारखे.

“आता म?”

बोट निघालं. वर गेलं. परत खाली आलं. ‘आर’वर थबकलं, ‘यू’वर गेलं, तिथूनही हटलं. माझं ‘ई’चं बटन तिच्या बोटाची वाट बघत ताठ उभं होतं. मला ओरडावंसं वाटलं की अगं इकडे, डाव्या हाताला, वरच्या ओळीत, हजारदा आली आहेस. पण बटनाला दाबलं तरच बोलता येतं.

तिने डोळे उघडले. “ते पुसलं गेलंय हो,” ती म्हणाली.

काकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. माझ्यावर म कधीच नव्हता. त्यांना ते ठाऊक होतं, पहिल्याच दिवशी त्यांनीच तर चष्मा लावून मला वाचलं होतं. माणूस आयुष्यभर आकडे वाचत आलेला, त्याला शून्य ओळखू येतं.

“हो गं,” ते म्हणाले. “पुसलंच गेलंय. चल, चहा टाकतो.”

उरलेले कोरे तुकडे त्यांनी आपल्या खिशात टाकले. माझ्यावर लावलेले मात्र तसेच राहिले आणि घात झाला. आता तिला खाली बघायची सवय लागली. जी बोटं अंधारातही घर शोधायची, ती पाटी वाचल्याशिवाय पाऊल टाकेनात. जे चार शब्द येत होते तेही अडायला लागले. प्रेमापोटी केलेला उपाय असा अंगाशी आला.

मग मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने माझं एकेक बटन दाबून पाहिलं. प्रत्येकाने मुकाट हुकूम पाळला. “काका, हा ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “दिसायला भिकारी, पण कामाला वाघ.” काकांनी नुसती मान हलवली. घरी येऊन बायकोला सांगितलं, “आत धूळ बसलीये म्हणाला. यंत्रं जुनी झाली की व्हायचंच.” बाईचा चेहरा इतका सैल झाला, की मलाही ती धूळ खरी वाटावी.

लेक फोनवर म्हणाली, “बाबा, मी नवा लॅपटॉप घेऊन येते. तिला त्रास कशाला?”

“नको नको. तिला ह्याची सवय आहे.”

“पण तुम्हीच म्हणता ना, तो चालत नाही?”

“राहू दे गं सध्या. एवढं ऐक माझं.”

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस मला का जपतोय. मी होतो तोवर दोष घ्यायला घरात कुणीतरी होतं. नवा आला, आणि चुका तरी थांबल्या नाहीत, तर मग बोट कुणाकडे दाखवायचं?

मी त्या कामाला तयार होतो, मित्रांनो. आम्हा वस्तूंना बोलणी खायची सवय असते. पण एक दिवस वकीलबाईंनी फोन केला तो थेट काकांना. बाई भाजी आणायला खाली गेली होती, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

“काका, एका म्हातारीचा जबाब होता. ती म्हणाली होती, ‘मी सही केली नाही.’ ताईंकडून आलं, ‘मी सही केली.’ माझ्या हाताखालच्या मुलीने वेळेवर बघितलं म्हणून बरं. त्या म्हातारीचं राहतं घर गेलं असतं हो.”

काका खुर्चीत बसले.

“मी ताईंना दुखवू शकत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “माझी पहिली केस त्यांनी टाईप केली होती. पण आता पुढचं काम पाठवू कसं? तुम्हीच सांगा त्यांना.”

“सांगतो,” काका म्हणाले.

बाई पिशवी घेऊन वर आली. “कोणाचा फोन?”

“राँग नंबर,” काका म्हणाले, आणि टूथब्रश घेऊन मला घासायला बसले.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. आम्हाला पुसा, झाका, जपून वापरा, हे तर झालंच. पण आमच्या आड लपू नका. माझी बटनं इतकी घासली गेली, पण त्या सगळ्यात बाईला कुणी विचारलं नाही की तुला आत काय होतंय. सगळे तिच्यावर माया करत होते, आणि ती एकटी पडत चालली होती. चुकल्यावर ती आधी माझ्याकडे बघायची, मग दाराकडे, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. ती नजर मी रोज झेलली आहे. तिला सगळं कळत होतं. माझ्या नावाने ओरडणं ही तिचीही सोय होती.

शेवटी लेक आलीच, न सांगता. बापाचा आवाज तिला पुरेसं सांगून गेला असावा. काका गच्चीवर कपडे काढायला गेले होते, त्यामुळे बेल वाजली तशी दार बाईनेच उघडलं. दारात जराशी शांतता झाली. मग लेकीचा आवाज, “आई!” आणि मग बाईचा, “अगं बाई, तू होय! ये, ये.” काका येईपर्यंत लेकीने खोक्यातून नवा लॅपटॉप काढला होता.

मला बाजूला सरकवलं आणि तो माझ्या जागेवर बसला. तरणाबांड होता. त्याच्या अक्षरांमागे दिवे होते. मला त्याचा राग नाही आला, कीव आली. बिचाऱ्याला आपण कशासाठी आलोय हे ठाऊक नव्हतं.

“बस आई. लिही काहीतरी,” लेक म्हणाली.

“काय लिहू?”

“काहीही. माझं नाव लिही.”

बाईने पदराला हात पुसले. दहाही बोटं त्याच्यावर ठेवली, पूर्वीसारखी, जिथली तिथे. डोळे मिटले. मी श्वास रोखला, मला श्वास नसूनही. बोटं हलली नाहीत. तिने डोळे उघडून खाली बघितलं. सगळी अक्षरं जागच्या जागी होती, एकही पुसलेलं नव्हतं, प्रत्येकाला आतून उजेड होता.

“नवा आहे ना,” काका घाईने म्हणाले. “हात बसायला वेळ लागतो.”

“सेटिंग असेल, बाबा,” लेक म्हणाली. “मी बघते. भाषा बदलावी लागते ह्यात.”

“हो, हो, सेटिंगच असणार.”

“सरक आई जरा, मी करून देते.”

बाई सरकली नाही. तिने हात उचलले आणि मांडीवर ठेवले. एकदा माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि मग लेकीकडे बराच वेळ.

“अहो,” ती म्हणाली, “कीबोर्डचं काही नाही. त्याचंही नव्हतं. मलाच आठवत नाहीये. मघाशी दार उघडलं ना, तर ही आपली मुलगी आहे हे मला तिने आई म्हटल्यावर कळलं.”