मी खाट, कॉटची आई

मित्रांनो, बसा माझ्यावर, घाबरू नका. मी एक जुनी खाट आहे खरी, पण माझे बाभळीचे खूर अजून पक्के आहेत. वडगावच्या तम्मण्णांच्या वडिलांनी सुताराकडून माझी चौकट करून घेतली आणि स्वतःच्या हातांनी मला सुंभाच्या दोरीने विणलं. तम्मण्णा दिवसभर मागावर साड्या विणत आणि दुपारी पाठ टेकायला माझ्याकडे येत. "खाटंवर पडलं की जीव थंड हुतोय," असं ते म्हणाले की मी सुखावून जाई.

गेल्या वर्षी मात्र थोरल्या लेकीला बघायला टिळकवाडीची माणसं येणार असं ठरलं आणि तम्मण्णांच्या बायकोला, सुवर्णाबाईंना, माझी लाज वाटू लागली. "पावण्यांम्होरं ही खाट न्हाय चालायची. कॉट आणूया. हिला फोडून घाला बंबात!" त्या म्हणाल्या.

धाकटी मंजुश्री नववीत होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला एका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं होतं. आईचं बोलणं ऐकून तिने 'कॉट'च धरला. दुसऱ्या दिवशी शाळेतला जाडजूड शब्दकोश चाळून ती धापा टाकत घरी आली.

"आई, थांब गं! कॉट म्हंजे आपली खाटच की! संस्कृतात खट्वा, त्याची झाली खाट. इंग्रज हिकडं आले, त्यांनी हिंदीतनं शब्द उचलला आणि केली कॉट! त्यांच्या जहाजांवर टांगलेल्या कॉट असायच्या!"

"आणि खट्वाच्या मागं?" तम्मण्णांनी विचारलं.

"द्राविडी शब्द असंल म्हणत्यात. तमिळमधी कट्टिल."

तम्मण्णा ताडकन उठून बसले. "कानडीत कट्टु म्हंजे बांधणं! दोरीनं बांधलेली म्हणून कट्टिल असंल काय गं?"

"ते पुस्तकात न्हाय, आप्पा. मॅडमना विचारते!"

मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! मी आयुष्यभर एका खोलीत पडून, आणि माझी लेक समुद्रावर झुलून आलेली!

प्रदर्शनाच्या दिवशी बापलेकीने मला टेम्पोत घालून शाळेत नेलं. माझ्याभोवती मुलांची ही झुंबड उडाली. सुवर्णाबाई मागे उभ्या होत्या. एका बाईंनी त्यांना विचारलं, "ही कॉट कुठून आणली हो? सुरेख आहे."

सुवर्णाबाईंनी पदर सावरला. "कॉट न्हाय, खाट हाय. आमच्या मामंजींनी विणलेली."

टिळकवाडीचे पाहुणे माझ्यावरच बसून चहा प्याले.

मित्रांनो, माझ्यासारखीचा सुंभ सैल झाला तर ओढून घट्ट करा, एवढंच मागणं. आणि घरातला एखादा शब्द गावंढळ वाटला, तर टाकून देण्याआधी त्याला एकदा विचारा, "बाबा रे, तू कुठून कुठून फिरून आलास?"