देव्हाऱ्यातली राणी

वासुदेवरावांना नाद होता जुन्या नाटकांच्या चित्रांचा. लाकडी ठशावर कोरून छापलेले नाटकांतले प्रवेश त्यांनी पुलगावच्या घरात भिंतभर टांगले होते. एका नाटकातला राणीचा दरबार तेवढा सापडत नव्हता. तो आंजी गावात धुरपताबाई नावाच्या बाईच्या देव्हाऱ्यात आहे असं कळलं, तसे ते पत्नी प्रमिलाबाईंना घेऊन निघाले. बाईमाणूस सोबत असलं की दार लवकर उघडतं.

देव्हाऱ्यात मुकुट घातलेली राणी होती, हाती कमळ. काचेमागं कुंकवाचा लाल ठिपका उतरला होता. धुरपता मार्गशीर्षातले गुरुवार तिच्याचपुढं करी.

"देवाचा फोटू कोनी इकते का, दादा?" धुरपता हसली. "उद्या मलेच मागान!"

वासुदेवरावांचा चेहरा पडला. नवऱ्याचं ते तोंड प्रमिलाबाईंना बघवेना, आणि त्या बोलून गेल्या, "ही लक्ष्मी नाही हो. नाटकातली राणी आहे. बाईसुद्धा नाही, लुगडं नेसलेला पुरुष. ही बघा वर पडद्याची झालर."

धुरपतानं काचेशी डोळे नेले. मग तसबीर उतरवली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हाती दिली. पैसे मात्र घेतले नाहीत.

घरी आल्यावर वासुदेवराव चित्र बाहेर काढून कापसानं कुंकू टिपायला बसले. "जपून हं, डाग राहील," असं स्वतःशीच म्हणत होते. प्रमिलाबाईंना ते बघवेना. त्याही गुरुवार करायच्या. कोणी असं आपल्या देवीला पुसलं असतं तर?

"मी नेऊन देते," त्या म्हणाल्या.

"आता? इतक्या खटपटीनं मिळालं ते?"

"माझ्या जिभेनं मिळालं ना."

पुढच्या गुरुवारी त्या एकट्याच एस.टी.नं आंजीला गेल्या.

"परत काऊन आनला, बाई?" धुरपता म्हणाली. "आता हात जोडले का मले मिशीच दिसते. माह्या सासूनं पुजला, म्या पुजला. तुमी नसतं सांगतलं त मरेपर्यंत बाप्यालेच हळदीकुंकू वाहत राह्यली असती. उपकार झाले तुमचे."

"तुमच्या भल्यासाठी नाही सांगितलं मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चित्र हवं होतं, म्हणून सांगितलं."

धुरपता म्हणाली, "असंन. पन खोटं त नोतं ना?"

तिनं आत जाऊन तांदूळ, खण, नारळ आणला. "गुरुवारची सवाशीन रिकामी जाऊ नये."

ओटी नाकारता येत नाही. प्रमिलाबाईंनी पदर पसरला. ओटी भरून झाली, आणि सवयीनं धुरपता रिकाम्या देव्हाऱ्याकडे वळली. जोडायला उचललेले हात तसेच खाली आले. मग तिनं ते लुगड्याला पुसले.

"चहा ठेवतो," ती म्हणाली. "बसा."

एका काखेत ती तसबीर, पदरात ओटी, प्रमिलाबाई बसल्या. वर देव्हाऱ्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.